घाईबाईची पेशी

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे घाईबाई म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. ती उभ्या उभ्या जेवते, जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढते आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी होते. मी तिच्या शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बसतो. माझा स्वभाव नेमका उलटा, त्यामुळे आमचं रोज एकदा तरी वाजतंच. पण तिच्या घाईला कारण आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या मूत्रपिंडाचा बारीक तुकडा, रुग्णाने परवानगी देऊन दिलेला, बर्फाच्या डब्यातून तिच्याकडे येतो. त्यातल्या पेशी एकमेकींपासून सोडवायच्या, त्याही जिवंत, म्हणजे मग एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते मशीन वेगवेगळं वाचू शकतं. उशीर झाला की पेशी मरतात आणि रुग्णाने दिलेलं वाया जातं.

गेल्या वर्षी तिला त्यात पेशींचा एक नवाच प्रकार सापडला. माझ्या पडद्यावर प्रत्येक पेशी म्हणजे एक ठिपका, सारख्या पेशी जवळजवळ, आणि बाकी सगळ्या ठिपक्यांपासून दूर आपला वेगळा संसार थाटून बसलेला एक घोळका. आम्ही अक्षरशः नाचलो. या कामातली ठिकठिकाणची मंडळी अधूनमधून संमेलनात जमतात आणि आपापली नवी तंत्रं एकमेकांना दाखवतात. तिथे तिने तो घोळका दाखवला तेव्हा टाळ्या थांबेनात. तिच्या आईने तर कहर केला. "माझ्या लेकीने पेशी शोधली," हे तिने अख्ख्या गल्लीला ऐकवलं, दूधवाल्यालाही सोडलं नाही. घाईबाईची नेमणूक तात्पुरती होती. या पेशीच्या जोरावर ती वाढणार, असं आमचे प्रमुख, म्हणजे सर, उघड बोलायला लागले होते.

मग आमचं गरम पाण्याचं यंत्र बिघडलं. पेशी सोडवायला जे एन्झाइम वापरतात त्याला अंगाइतकी ऊब लागते. ऊब नाही आणि तुकडा तर येऊन पडलेला. घाईबाईने थंडीतही चालणारं दुसरं एन्झाइम काढलं आणि बर्फावरच काम उरकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर तो घोळका नव्हता.

"तू काहीतरी घोळ घातलायस," ती म्हणाली.

"मी? अगं, मी नुसता आकडे बघणारा माणूस. घोळ घालायला हात तरी लावायला मिळतो का मला?"

पुढच्या तुकड्याचे तिने दोन भाग केले, एक उबेत, एक बर्फावर. उबेतल्या भागात घोळका हजर, बर्फावरच्या भागात त्याचा पत्ता नाही. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. घरात चोर शिरला की सगळ्यांचे चेहरे सारखेच भेदरलेले दिसतात. बर्फावर सुस्त पडून राहणाऱ्या साध्यासुध्या पेशी उबेत सोडवताना भेदरत होत्या आणि आम्ही त्या चेहऱ्यांना वेगळं घराणं समजून बसलो होतो. नवी पेशी नव्हतीच. ती आम्हीच तयार केली होती.

सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला. "नेमणुकीचा निर्णय पुढच्या महिन्यात आहे. या आठवड्यातल्या संमेलनात गप्प बस. पुढच्या वेळी सांगू. एवढी काय घाई आहे?"

"सर, दाढीवाले सोमवारी त्यांचा साठा वितळवणार आहेत."

दाढीवाले म्हणजे दुसऱ्या शहरातले ज्येष्ठ संशोधक. दुर्मिळ आजाराच्या रुग्णांचे तुकडे त्यांनी वर्षानुवर्षं जमवून गोठवून ठेवले होते. एकदा वितळवले की ते परत ठेवता येत नाहीत. आणि ते सगळे तिच्या पेशीच्या शोधात खर्ची पडणार होते. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, पण हो काही म्हटलं नाही.

आमच्या संमेलनाची एक रीत आहे. पहिली बैठक फसलेल्या कामांची. बोलणाऱ्याचं पुरं होईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. रीत छान आहे, पण लोक हुशार. कुणाची नळी तुंबलेली, कुणाची बाटली फुटलेली, असलं किरकोळ सांगून हशा मिळवायचा आणि चहाला पळायचं. घाईबाई उभी राहिली आणि तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. आयुष्यात पहिल्यांदा ती सावकाश बोलली. सर शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

तिचं संपल्यावर दाढीवाले उठले. "त्या पेशीवर मी भाषणं देत हिंडलोय," ते म्हणाले. "आमच्याकडेही दिसते ती. आम्हीही उबेतच काम करतो." त्यांनी डायरी काढून एका पानावर काट मारली. "सोमवारी साठा काढणार होतो. आता नाही काढत. बाई, ते बर्फावरचं काम आमच्या लोकांना शिकवाल?"

मग एकामागून एक हात वर झाले. कुणाच्या फुप्फुसात, कुणाच्या यकृतात असाच संशयाचा घोळका होता, आणि आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं. चहाच्या वेळी तिच्याभोवती इतकी गर्दी झाली की तिला बिस्किटसुद्धा मिळेना. शेवटी सर वाट काढत आले. त्यांच्या एका हातात खुर्ची होती आणि दुसऱ्यात बशी. "बसून खा," ते म्हणाले. "नेमणुकीचा अर्ज नव्याने लिहू. बर्फाचं काम पुढे करून."

आईला मात्र तिने महिनाभर काही सांगितलं नाही. अख्ख्या संमेलनाला न घाबरलेली बाई आईला घाबरत होती. नेमणूक वर्षभर वाढल्याचं कळलं त्या दिवशी तिने माझ्यासमोरच फोन लावला, आणि घाईत भलतंच आधी बोलून गेली.

"आई, ती पेशी नव्हतीच गं. चूक झाली होती."

पलीकडे टीव्ही बंद झाला. "चूक कुणी पकडली?"

"मीच."

"आणि सांगितलंस? सगळ्यांसमोर?"

"हो."

"मग फोन ठेव. गल्लीत सांगून येते. दूधवालाही आत्ताच भेटेल."

"अगं आई, थांब तरी! नोकरी पण वाढली माझी."

"बरं झालं," आई म्हणाली. "ते उद्या सांगेन सगळ्यांना. आज हे."