सोनवणे काका आणि न मोजलेल्या बॉबिन्स

मतदान घेतलं म्हणून ज्याच्यावर चोरीची केस झाली, असा एकच माणूस माझ्या ओळखीत होता. तो आज सकाळी गेला.

सोनवणे काका.

मिलच्या चाळीत आमच्या शेजारी राहायचे. त्यांचे वडील महूला फौजेत होते. काका मात्र मिलमध्ये साच्यावर, कापड विणायला. माझे बाबा त्याच मिलच्या ऑफिसात क्लार्क.

नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. "उदारीकरण" हा शब्द मी पहिल्यांदा बाबांच्या तोंडून ऐकला. नात्यातलं कुणी वारल्याचं सांगावं, तसा त्यांचा आवाज होता.

मिल परत सुरू होणार नाही, हे काकांना सगळ्यांच्या आधी कळलं. त्यासाठी ते कधी भांडले नाहीत.

भांडले ते मैदानासाठी.

मिलसमोरचं मैदान. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली आमच्या मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, तिथेच तयार व्हायची. बस्तीतली लग्नं तिथे, बाबासाहेबांच्या जयंतीची सभा तिथे, आमचं सायकल शिकणंही तिथेच. ते विकून मार्केट बांधायचं ठरलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला पत्ता नाही.

काकांचं म्हणणं एवढंच होतं की विकायच्या आधी बस्तीला विचारा. मतदान घ्या, हो की नाही. लोक विका म्हणाले तर मार्केटचा नारळ फोडायला मी स्वतः येतो.

बाबांना घेऊन ते विधायकजींकडे, आमच्या हिंदी मुलखातल्या आमदारांकडे, गेले.

विधायकजी म्हणाले, "सोनवणेजी, वोट तो आप दे चुके ना हमको? अब बार-बार क्या पूछना!"

काका म्हणाले, "वोट दिया था भिया, मैदान थोड़ी दिया था."

मग विरोधी पार्टीकडे गेले. त्यांनी पोहे खाऊ घातले, फोटो काढला, म्हणाले आमचं सरकार आलं की बघू. पुढे आलंही त्यांचं सरकार. उत्तर तेच. जनतेला विचारायचं नाही, यावर दोन्ही पार्ट्यांचं इतकं छान एकमत होतं की काय सांगू.

शेवटी काका म्हणाले, "कोणी नाही घेत तर आपणच घेऊन टाकू ना. त्यात काय एवढं?"

मतपत्रिका छापल्या तर खोट्या आहेत म्हणतील, अशी बाबांना धास्ती. तेव्हा काकांनी घरातून एक बॉबिन आणून टेबलावर ठेवली.

सूत गुंडाळायची लाकडी बॉबिन. चिरलेल्या, टाकून दिलेल्या बॉबिन्स कामगार घरी आणायचे. आमच्या चाळीत एकही घर असं नव्हतं जिथे त्या नव्हत्या. पोरं खेळायची, बायका त्यावर लोकर गुंडाळायच्या.

एका माणसाची एक बॉबिन. मैदानात दोन ड्रम, एक "ठेवा"चा, एक "विका"चा. समोर काकूंची चादर टांगलेली, कुणी कुठे टाकली ते दिसू नये म्हणून.

रविवारी सकाळपासून लाइन लागली. म्हाताऱ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पदराखाली बॉबिन झाकून आल्या. इतकं गंभीर मतदान मी पुन्हा कधी बघितलं नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. प्रत्येक बॉबिनवर मिलचा शिक्का होता.

दुपारी पोलीस आले. विधायकजींचा फोन गेला होता. "मिल की संपत्ति है. चोरी का माल." दोन्ही ड्रम टेम्पोत घालून नेले, आणि काकांनाही.

दुसऱ्या दिवशी विधायकजींनी पेपरवाल्यांना सांगितलं, "कोई नहीं आया वोट देने. ड्रम ख़ाली थे."

मग चोरी कशाची झाली होती, हे कुणी विचारलं नाही.

जामीन मिळाल्यावर काका घरी न येता आधी ठाण्यात गेले. "साहब, माल रख लो. बस गिन के बता दो."

केसपेक्षा त्यांना मोजलं नाही हे जास्त लागलं होतं. "हरलो असतो तरी चाललं असतं रे," ते बाबांना म्हणायचे. "माहीत तर पडलं असतं."

केस वर्षानुवर्षं चालली. दर तारखेला काका इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि मोजणीचं विचारायचे. वकील वैतागायचा. शेवटी निर्दोष सुटले. माल मूळ मालकाला परत करा, असा आदेश निघाला. मूळ मालक म्हणजे मिल. तोवर मैदानात मार्केट उभं राहून त्याचा एस्केलेटरसुद्धा बंद पडला होता. ड्रम कुठे गेले, ठाण्यात कुणाला सांगता आलं नाही.

मला या सगळ्याचा आता खरंच कंटाळा आलाय. पूर्वी राग तरी यायचा.

आज दुपारी स्मशानात, मुक्तिधामात, वंदना झाली आणि तेच विधायकजी आले. आता माजी. केस काळेभोर.

माईक नव्हता, तरी माईकवर बोलतात तसंच बोलले. काका म्हणे त्यांचे जुने साथी होते. आपण यांना आत टाकलं होतं, हे त्यांना आठवतही नसावं. मग त्यांनी जाहीर केलं की मार्केटच्या मेन गेटला सोनवणेजींचं नाव देणार. "मैंने तय कर लिया है."

त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मुक्तिधामात.

काकू कट्ट्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या.

"बस्तीला विचारलं का?"

विधायकजी हसले. "अरे भाभीजी, इसमें पूछना क्या?"

काकू आमच्याकडे वळल्या.

"ज्यांना नको वाटतं, त्यांनी हात वर करा."

मी केला. बाबांनी काठी डाव्या हातात घेऊन उजवा वर केला. मग मागे बघितलं तर सगळी चाळ हात वर करून उभी होती.

विधायकजी गाडीकडे निघाले. काकू थांबल्या नाहीत. एकेका हाताकडे बोट दाखवत, मोठ्याने, शेवटच्या हातापर्यंत त्यांनी मोजलं.

काका, मोजणी झाली.

जय भीम.