खुंटीपुढची दोरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडील, आमचे आबा, होते तोवर त्यांना नाही, आणि ज्या दोघांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आमच्या कोन गावात मला सगळे ओळखतात, आणि तीच पंचाईत आहे. "बहिणीसाठी किती करतो!" असं म्हणतात. ते ऐकलं की माझं डोकं सणकतं. करतो म्हणे!

पण आधी दोराचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं सांगू? पुढचं तेवढंच लांबणीवर पडतं.

शिडाच्या छोट्या होडीला दोन शिडं असतात. मागे मोठं, आणि डोलकाठीच्या पुढे एक लहान. या लहान शिडाच्या खालच्या कोपऱ्याला दोन दोर बांधलेले असतात. एक डोलकाठीच्या डावीकडून मागे येतो, दुसरा उजवीकडून. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, म्हणून होडी नागमोडी न्यावी लागते. प्रत्येक वळणावर एक दोर सोडायचा, दुसरा ओढायचा. शीड फडफडत या बाजूचं त्या बाजूला जातं. एवढंच. सांगायला एवढंच! पण त्या फडफडीत सुटलेला दोर नको तिथे हमखास अडकतो. डोलकाठीवर दोर बांधायची खुंटी असते तिच्यात, डोलकाठीच्या आधाराच्या तारा आवळायच्या पेचांत, एकदा तर माझ्याच चपलेच्या पट्ट्यात. तो अडकला की शीड उलटं फुगतं, सुकाणू ऐकेनासं होतं आणि होडी आडवी वाहायला लागते. मी त्या दोराला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या खड्ड्यांनाही दिल्या नसतील.

आमचं घर मूळचं खाडीवरचं. आजोबांच्या वेळी शिडाच्या होड्यांतून माल जायचा. आता आमच्या शेतावर गोदामं आहेत आणि माल ट्रकनं जातो. ही होडी म्हणजे माझी हौस. जुनी, फायबरची, कुणीतरी टाकायला काढलेली. मी ती आणली, रंगवली, खाडीत उतरवली. आणि माझी धाकटी बहीण नंदा, जी पडघ्याला दिलीय, ती रविवार आला की नवऱ्याच्या मागे लागून माहेरी यायची. माझ्यासाठी नाही, होडीसाठी.

नंदाला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. बघा, हेसुद्धा मी पहिल्यांदाच कबूल करतोय.

मी दोराला शिव्या देत बसायचो, ती तो कुठे अडकतो ते बघत बसायची. मग तिनं तारांच्या पेचांवर प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे चढवले. दोर त्यांच्यावरून गुळगुळीत सरकायला लागला. राहिली डोलकाठीची खुंटी. तिथे तिनं एक साधी पातळ दोरी बांधली. डोलकाठीवर छातीएवढ्या उंचीवरून, खुंटीच्या पुढून, तिरपी खाली होडीच्या पुढच्या भागापर्यंत, चांगली ताणून. फडफडता दोर त्या दोरीवर आपटायचा आणि घसरून पलीकडे जायचा. खुंटीपर्यंत पोचायचाच नाही. त्यानंतर आमचा दोर कधी अडकला नाही. सगळा वैताग संपला. मी खूश व्हायला हवं होतं, नाही का?

एकदा माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होडी बघायला आले. शिडाच्या होड्यांच्या मोठ्या क्लबात शिकलेले. ती दोरी बघून म्हणाले, "यावर कपडे वाळत घालता वाटतं?" सगळे हसले. मीही हसलो आणि म्हटलं, "बहिणीची आयडिया." मग त्यांनी नंदाला विचारलं, तिनं समजावलं, आणि ते हसायचे थांबले. पुढचा अर्धा तास ते तिच्याशीच बोलत होते. होडी माझी, सुकाणू माझं, आणि मी चहा आणायला गेलो होतो.

पुढच्या रविवारी नंदा येण्याआधी मी ती दोरी सोडून फळीखाली टाकली. का? पुढे जाताना पायाचा अंगठा अडखळतो, असं स्वतःला सांगितलं. अंगठा अडखळायचा, खोटं नाही. पण मला ती दोरी नको होती, की तिची हुशारी नको होती? उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. पुढचं शीडही मीच चढवलं, म्हणजे तिला तिकडे जावं लागू नये. मागे बसलं की डोलकाठीच्या पुढची बाजू दिसत नाही.

त्या दिवशी भावोजी पहिल्यांदा होडीत बसले. विलास भावोजी, नंदाचा नवरा. स्वतःचा ट्रक, स्वतः चालवायचे. पडघ्याच्या गोदामांतून माल भरून पार नाशिकपुढे. पाण्याची धास्ती, पण बायकोचं कौतुक बघायला आले होते. डोलकाठीजवळ, कड घट्ट धरून बसले होते.

दुपारी वारा वाढला. पुढे पाण्यात रोवलेले, मासेमारीच्या जाळ्यांचे खुंटे होते, तिथून वळायचं होतं. मी "सोड!" म्हटलं.

नंदानं दोर सोडला. तेव्हाच्या तेव्हा. मी तिच्या हाताकडेच बघत होतो.

आणि दोर खुंटीत जाऊन अडकला. शीड उलटं फुगलं, होडी आडवी झाली, खुंटे जवळ यायला लागले. "दादा, अडकला!" नंदा ओरडली आणि उठायला लागली. ती गेली असती तर तिनं आधी वारा बघितला असता, शिडाच्या कोपऱ्यापासून तोंड लांब ठेवलं असतं. पण मी म्हटलं, "तू बस. भावोजी, तेवढा सोडवा." मीच म्हटलं. त्या माणसानं आयुष्यात कधी शीड हातात धरलं नव्हतं. ते उठले, दोन्ही हातांनी दोर खुंटीवरून उचलला, शीड मोकळं झालं आणि त्याच्या कोपऱ्यातली पितळी कडी त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसली.

तो डोळा गेला. ट्रक गेला. आता ते त्यांच्या भावाच्या दुकानात बसतात.

थांबा, मुख्य ते अजून आलेलंच नाही.

हॉस्पिटलात आबा धावत आले. "काय झालं रं?" मी म्हटलं, "दोर सोडायला उशीर झाला. नंदाच्या हातून." इतकं सहज आलं तोंडात! नंदा भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "मी तर येळेवर सोडला व्हता ना रं, दादा?" विचारत होती ती मला. सुकाणूवर मी होतो, मोठा मी होतो, माझ्याइतकं स्पष्ट कुणी बघितलं असणार? मी म्हटलं, "घाईत कळत नाही माणसाला." समजुतीच्या सुरात म्हटलं. तिच्या पाठीवर हातही ठेवला.

पण तिनं एवढ्यावर विश्वास ठेवला नसता. ती नंदा आहे. काही दिवसांनी ती एकटी खाडीवर गेली आणि होडी बघून आली. डोलकाठी बघितली. दोरी जागेवर होती. ताणलेली, नीट, तिनं बांधली होती तशीच. दोरी आहे आणि तरी दोर अडकला, म्हणजे नक्कीच आपण भलत्या वेळी सोडला. घरी येऊन ती आबांना म्हणाली, "माझंच चुकलं." त्यानंतर ती होडीत बसली नाही.

दोरी जागेवर कशी होती?

आम्ही काठाला लागलो तेव्हा गावातली माणसं धावत आली. भावोजींना उचलून रिक्षाकडे नेलं. नंदा त्यांच्या डोळ्याला ओढणी दाबून धरत पळत होती. कुणीतरी मला हाक मारली. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, होडी बांधून आलो." आणि मी होडीत थांबलो. फळीखालून ती दोरी काढली आणि बांधली. हात थरथरत नव्हते, हेच मला अजून सहन होत नाही. फळीवर त्यांचं रक्त होतं, आणि मी दोरीचा ताण बरोबर बसला की नाही ते बोटानं दाबून बघत होतो.

एवढं केलं आणि मग दुसऱ्या रिक्षानं हॉस्पिटलात गेलो.

आता नंदाची मुलगी तन्वी मोठी झालीय. तिला होडी शिकायचीय. नंदा नाही म्हणते. "आपल्या हातात ते न्हाय," म्हणते. मध्यंतरी आम्ही सगळे अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो होतो. पायऱ्या शेवाळलेल्या. भावोजींना डाव्या बाजूचं दिसत नाही, म्हणून नंदा कायम त्यांच्या डावीकडून चालते. तन्वी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मामा, तो दोर अडकू नये म्हणून काय करतात?" आणि मी सांगितलं की! ओल्या बोटानं दगडावर डोलकाठी काढली, तारा काढल्या, पाइप सांगितले, खुंटीपुढची दोरी सांगितली. मास्तरासारखं. लाज कशी नाही वाटली?

पोरगी हुशार. लगेच म्हणाली, "मग त्या दिवशी ती दोरी नव्हती का?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण नंदा कुंडातूनच हसत म्हणाली, "व्हती गं बाय. मीच बांधली व्हती. दोरी असून अडकवला तुझ्या आयशीनं." भावोजीही हसले. म्हणाले, "जाऊ दे गं, किती वर्सं तेच."

तन्वीनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

मग सगळे निघाले. नंदा भावोजींचा ओला हात धरून एकेक पायरी चढत होती, आणि मी त्या दोघांच्या चपला हातात घेऊन मागून चाललो होतो.