तांबडीचं दावं

तांबडी गाय विकायची हे आमच्या घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं व्हतं. सासूबाईंचं गुडघं गेलं, त्यांना बसून धार काढवंना. माझी पोरगी अजून अंगावर पिती, आन् ह्यांची कंपनीतली पाळी कदी दिवसाची कदी रातची. गाय गाभन व्हती. सासूबाईंनी ती वासरू असल्यापास्नं हातानं वाढवलेली, तरी त्याच म्हनल्या, चांगल्या घरी जाऊ द्या, बास. मोबाईलवर जनावरं इकत्यात म्हनून मीच तिचा फोटू टाकला.

लगीच एकाचा फोन आला. लई गोड बोलनारा, सारखं ताई ताई. त्येनं भाव सुदिक केला न्हाई. तितंच मला कळाया पायजे व्हतं, गाय घेताना भाव करत न्हाई असा मानूस असतोय व्हय? पन मी खुश झाले. दुसऱ्या दिवशी म्हनला, मी येत न्हाई, पिकप धाडलीया, आन् पैसं टाकलं बगा. मोबाईल वाजला. मेसेज सगळा इंग्रजीत. मी सातवीपोतर शिकलेली, मला आकडा तेवडा वाचता आला, आन् आकडा बरूबर व्हता. हे कामावर, सासूबाई नणंदंकडं गेलेल्या. मी म्हनले, आलं पैसं.

पिकपवाला मुठा गावचा व्हता, नुस्ता भाड्यानं बोलावलेला. गाय चढवायची म्हनल्यावर मी आदी तिच्या गळ्यातलं दावं सोडाया लागले. आमच्याकडं जनावर देत्यात पन दावं देत न्हाईत. दावं गोठ्याचं असतंय, ते गेलं की गोठा रिकामा ऱ्हातो म्हनत्यात. घेनारा आपलं नवं दावं घेऊन येतो. ह्याच्याकडं तर काईच न्हाई.

"मालकानं दावं न्हाई दिलं?" मी इचारलं.

"न्हाई वैनी. त्येला ठावंच नसंल. गाय बी यूट्यूबवर बगूनच घेतली आसंल त्येनं." हसला आन् म्हनला, "मोकळी कशी न्यू मी? हेच ऱ्हाऊ द्या. तिला उतरवली की सांच्याला दावं आनून देतो."

"दादा, नक्की आना. सासूबाई मला घरात घ्यायच्या न्हाईत."

"माझी आय बी तसलीच हाय. आनतो."

तो गेला. मला दुपारभर दाव्याचाच घोर. पैशाचं डोक्यातच न्हाई. हे आले, मोबाईल बगितला, ब्यांकेत काईच जमा न्हाई. तो मेसेज ब्यांकेचा नव्हताच, त्या गोड बोलनाऱ्याच्याच नंबरवरनं आलेला. फोन लावला तर बंद. पिकपचा नंबर मी लिहून घेतला न्हाई, ड्रायव्हरचा मोबाईल घेतला न्हाई. हे गोठ्याच्या दगडावर जाऊन बसले. त्या परास वरडले असते तर बरं झालं असतं. एवड्यात सासूबाई एसटीनं आल्या. मी समदं सांगितलं, पोरगी कडंवर रडतीया, मी बी रडतीया. त्यांनी एवडंच इचारलं, "दावं?" मी म्हनले, ते बी गेलं. त्या आत गेल्या आन् भिताडाकडं तोंड करून निजल्या. मला वाटलं, ह्या घरात आता माझ्या हातात कुनी कवाच काई देनार न्हाई.

दिवस कलला तवा दारात हॉर्न वाजला. पिकपवाला. हातात दावं, नीट गुंडाळलेलं.

म्हनला, तितं एका मानसानं गायीला नायलॉनची दोरी बांधली, आन् हे दावं टाक तितंच म्हनला. मी म्हनलं, वैनींचं हाय. मग आमचे चेहरे बगून त्येनं इचारलं, काय झालं? ह्यांनी सांगितलं. त्येनं चा सुदिक घेतला न्हाई. दावं माझ्या हातात दिलं आन् ह्यांना म्हनला, बसा गाडीत. पोलीस पाटलांना घरनं उचललं आन् तिगं गेले. ताम्हिणीच्या रोडला एका बंद धाब्यामागं पत्र्याची शेड, तितं तांबडी आन् अजून दोन जनावरं. राखनीचा मानूस म्हनला, मालक मोठी गाडी आनाया गेलाय. पाटलांना बगून त्येची बोबडी वळली. पाटलांनी तितनंच चौकीला फोन लावला, पोलीस आले, कागुद झाला, आन् गाय आमची आमाला भेटली. पिकपवाल्यानंच ती माघारी आनली, परतीचं भाडं घेतलं न्हाई.

सासूबाई लंगडत बाहीर आल्या. दावं माझ्या हातात तसंच व्हतं, मी ते सोडलंच नव्हतं. म्हनल्या, "बांद तिला. तूच बांद." कडंवर पोरगी, एका हातानं गाठ बसंना. त्यांनी माझ्या हातावर हात ठिवून गाठ मारली.

मग गाय इकायचं कुनी काढलंच न्हाई. आता धार मी काढते, पोरगीला सासूबाई सांबाळत्यात.

तांबडी व्याली तवा पयला चीक किटलीत भरून ह्यांच्यासंगं मुठ्याला पाठवला. पिकपवाल्याच्या आयनं किटली रिकामी धाडली न्हाई, त्यांच्या खाचरातला नवा तांदूळ भरून दिला. त्येचा भात सासूबाईंनी पयला माझ्या ताटात वाढला.