एका पत्त्यावर दोघं

इस्पितळात तिला सगळे वायरवाली म्हणत. नाव ठेवणाऱ्याने काही फार डोकं चालवलं नव्हतं. खांद्यावर वायरीचं वेटोळं, हातात क्लिपा दाबायचा चिमटा आणि छताची फळी सरकवून वर डोकं घालून उभी असलेली बाई, तिला दुसरं काय म्हणणार? तीस संगणक, नऊ प्रिंटर आणि त्यांना जोडणारं सगळं जाळं तिच्या एकटीच्या जिवावर चालायचं, आणि त्याचा तिला चांगलाच तोरा होता.

ही नोकरी तिला मिळाली ती वन्संमुळे. नवऱ्याची थोरली बहीण, नोंदणीच्या खिडकीवर बावीस वर्षं बसलेली. "शिवणकाम पुरे झालं, हे जाळ्याचं काम शीक," असं म्हणून त्यांनीच तिला वर्गात घातलं, वर्षभर तिची मुलगी सांभाळली आणि परीक्षा होताच साहेबांपुढे नेऊन उभं केलं. हिच्या तोंडून ऐकून ऐकून अख्खं इस्पितळ त्यांना वन्संच म्हणू लागलं होतं. साहेबसुद्धा!

आता त्या जाळ्याचं म्हणाल, तर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो आणि तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नसतो. एका पत्त्यावर दोघं राहायला आले, की पोस्टमन बिचारा पत्र कधी ह्याच्या दारात टाकतो, कधी त्याच्या. म्हणून कुणाला कुठला पत्ता दिला ते वहीत लिहायचं आणि नवा पत्ता देण्याआधी वही उघडायची. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

एक्स-रेच्या खोलीत नवा प्रिंटर आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती, वही वरच्या मजल्यावर होती आणि वायरवालीला जिना चढायचा कंटाळा आला. तिने एक आकडा मनात धरला आणि संगणकावरून त्या पत्त्याला हाक मारून पाहिली. चार हाका गेल्या, एकीलाही उत्तर आलं नाही. म्हणजे पत्ता रिकामा, असं धरून तिने तो प्रिंटरला देऊन टाकला. तो पत्ता होता वन्संच्या संगणकाचा. जेवायला जाताना वन्सं तो शिस्तीत बंद करून जात, आणि बंद यंत्र ओ कुठून देणार?

दुसऱ्या दिवसापासून वन्संची खिडकी अडू लागली. एक्स-रेवाले प्रिंटर चालू करत, की इकडे अर्धी नोंद होऊन संगणक गप्प. रांग वाढायची, लोक तोंडाला येईल ते बोलायचे. वन्संनी वायरवालीला बोलावलं.

"अगं, मधेच एक चौकट येते पडद्यावर. इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं."

"येऊ दे हो. बंद करत जा ती. आणि पायाने वायर हलवू नका, शंभरदा सांगितलंय तुम्हाला."

शंभरदा काय, एकदाही सांगितलं नव्हतं. पण रांगेतले दोघेतिघे हसले, आणि वन्संनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

तीन आठवडे असंच चाललं. मग साहेबांनी वन्संना चादरींच्या कोठीत पाठवलं आणि खिडकीवर एक नवी कारकून बाई बसवली. नव्या बाईने पहिल्याच सकाळी फोन केला. "अहो, इथे चौकट आलीय. हा पत्ता आणखी कुणीतरी वापरतंय, असं लिहिलंय."

वायरवाली जिना चढून वर गेली. तिने वही काढली, बोट फिरवलं आणि तिला सगळं कळलं. दोन मिनिटांत तिने प्रिंटरचा पत्ता बदलला. खिडकी सुरळीत चालू लागली. दुपारी साहेब म्हणाले, "बघा, माणूस बदलला आणि यंत्र सुधारलं!" त्यावर ती हसली. पुढे कितीतरी दिवस तिला चुकीपेक्षा त्या हसण्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

रविवारी वन्सं घरी आल्या. चष्मा लावून संगणकापुढे बसल्या.

"माझं काय चुकत होतं ते एकदा नीट दाखव बाई. शिकून घेते आणि साहेबांना सांगते, परत बसवा म्हणून."

वायरवालीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. तिने मान खाली घालूनच सगळं सांगितलं. जिना, वही, प्रिंटर, सगळं.

"म्हणजे मी वायर हलवत नव्हते?"

"नाही."

"मला तर वाटायला लागलं होतं, हलवतही असेन. वय झालं." वन्सं तिच्याकडे वळल्या. "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आणि साहेबांना?"

ती चहा टाकायला उठली. वन्संनी चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला आणि चहा न घेताच उठल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आल्या आल्या वायरवालीने त्यांना सगळं सांगितलं. नोकरी गेली तर गेली, असं ठरवूनच ती आत शिरली होती. साहेबांनी फायलीतून मान वर केली. "असू द्या, चालायचंच. पुढच्या वेळी वही बघत जा." आणि वन्संचं काय, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "आता नवीन बाई रुळल्यात. राहू दे आहे तसं."

तिला कुणी साधं रागावलंसुद्धा नाही. ती तशीच कोठीत गेली. वन्सं चादरींच्या घड्या घालत होत्या.

"वन्सं, सांगितलं मी साहेबांना. पण ते म्हणतात..."

"सांगितलंत ना? बरं केलंत," वन्सं म्हणाल्या. "जा तुम्ही, तुमची कामं खोळंबली असतील."

लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत वन्संनी तिला अहोजाहो कधीच केलं नव्हतं.