वीतभर पाणी

बसऱ्याची लढाई संपली, वायव्य सरहद्दीवरचा मुक्काम संपला आणि आमची पलटण बेळगावला आली. सगळे म्हणाले, सुटलो. मीही म्हणालो. तुम्हा गावातल्या लोकांना वाटतं, लढाई नसली की शिपाई नुसता मिशीला पीळ देत बसतो. तसं असतं तर हे सांगायची पाळी आली नसती.

पावसाळा सरता सरता कंपनीला जंगलातल्या कवायतीचा हुकूम आला. रेल्वेनं कॅसलरॉकला उतरलो आणि तिथून पायी अणशीच्या रानाच्या दिशेनं निघालो. दिवसभर पायाच्या जळवा काढायच्या आणि चालायचं. मी हवालदार होतो. माझ्या हाताखाली नाईक भरमू गावडे, माझ्याच गावचा, खानापूरकडचा. बसऱ्याला मांडीत गोळी खाऊन आलेला. पोहण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

सरहद्दीवर आम्हाला एक सवय लागली होती. तिथं रायफलींची चोरी फार. झोपलेल्या शिपायाच्या कुशीतून रायफल जायची आणि त्याला पत्ता लागायचा नाही. रायफल गेली की कोर्टमार्शल, शिवाय पलटणीची अब्रू जायची ती वेगळीच. म्हणून आम्ही रायफल पट्ट्यानं कमरेला बांधून झोपायचो. पुढं पुढं जेवतानासुद्धा बांधायला लागलो. हुकूम कुणाचाच नव्हता, हाताला वळणच पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी नदीवर आलो. पाणी छातीपर्यंत, पण ओढ जबर. पलीकडच्या झाडाला दोरखंड बांधला. कंपनीचा साहेब विलायतेहून नवीनच आलेला. तो ओरडला, "राइफल ऊपर! एक-एक करके!"

भरमूनं रायफल पाठीवर घेतली, पट्टा कमरेभोवती आवळला आणि कडी लावली.

"भरम्या, डोक्यावर धर की लेका," मी म्हणालो.

"दोराला दोन्ही हात नगोत व्हय, हवालदार? ऱ्हाऊ दे बांधलेली. व्हावून गेली तर तुमीच फाडून खाल मला."

सगळे हसले. मीही हसलो.

निम्म्या पाण्यात त्याचा पाय शेवाळलेल्या धोंड्यावरून सटकला आणि हातातला दोर सुटला. थोडा खाली वाहत गेला, मग एका जागी थांबला. मला वाटलं, आता उभा राहील आणि शिव्या घालील. तो वर आलाच नाही. रायफल दोन धोंड्यांच्या फटीत आडवी अडकली होती आणि भरमू तिला बांधलेला. डोक्यावर पाणी किती? वीतभर! अहो, वीतभर!

मी उडी घेतली. त्याचा हात सापडला. त्यानं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं मी कडी चाचपली. भिजलेलं चामडं ताणून घट्ट झालेलं, कडी काही केल्या हलेना.

"सुरी! सुरी द्या रे!"

कुणीतरी हातात संगीन दिली. पट्टा कापून होईपर्यंत माझ्या मनगटावरची पकड सुटली होती.

काठावर आणून पालथा घातला, पोट दाबलं, पाठ चोळली. काही उपयोग झाला नाही. साहेब धावत आला.

"कौन?"

"नाईक भरमू गावडे, साहेब."

त्यानं टोपी काढली. मग विचारलं, "इसका राइफल किधर है?"

देवाशपथ सांगतो, माझं डोकं बधिर झालं. माणूस वाईट नव्हता तो. त्यालाही वर जाब द्यायचा होता. पण भरमूचे डोळे अजून उघडे होते हो! पट्टा तुटल्यावर रायफल खालच्या डोहात गेली होती. दुपारपर्यंत सगळी कंपनी डोहात बुड्या मारत होती आणि भरमू जांभळीखाली कांबळ्यात पडून होता. रायफल मिळाली. पुसली, तेल दिलं. चांगली चालू होती.

बेळगावला परतलो तेव्हा खंडेनवमी आली होती. कंपनीची हत्यारं पूजेला मांडली. त्यात ती रायफलही होती. तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मला तिथं उभं राहवेना. मी बराकीत जाऊन बसलो.

मग रजा काढून गावी गेलो. लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेला दगड आमच्या चावडीपुढं आहे. भरमूची आई त्याच्याजवळच बसली होती.

"ह्येच्यावर माझ्या भरमूचं नाव कवा घालणार?"

"न्हाई घालत, काकू. ही लढाई नव्हती. नदी होती."



"नदीत? खुळा का शाणा तू? लहानपणी भरल्या पुरात उडी टाकायचा माझा पोर. त्येला खाली धरून ठेवला कुणी?"

माझ्या मनगटावर त्याची बोटं अजून होती.

नाईक भरमू गावडे. दगडावर नाव नाही, म्हणून मी घेतो.