दादाच्या हातची घडी

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्कॅनचा रिपोर्ट वाचला आणि माझ्या थोरल्या भावाला विचारलं, "हातांना मुंग्या कधीपासून येतात?"

"तीन वर्सं झाली असतील," दादा म्हणाला. 

आजाराचं नाव ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस. एरवी असलं नाव मी नाटकी सुरात चारचौघांत म्हणून दाखवलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने लिहून घेतलं.

डॉक्टरांनी समजावलं, "लिव्हर एक प्रथिन बनवतं. त्याच्या साखळ्या नेमक्या घड्या पडून आकारात राहतात. यांच्यात त्या घड्या उलगडतात. सुटलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात, त्यांचे धागे होतात. ते हृदयात साचले, म्हणून हृदय ताठ झालंय. औषधाने नवीन साखळ्या घडीत धरून ठेवता येतील. साचलेलं निघणं अवघड. मनगटातही ते साचून नस दबते, म्हणून हातांची तक्रार पुष्कळदा काही वर्षं आधी सुरू होते. तेव्हाच आला असतात तर बरं होतं."

जामखेडला आमचं साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकापुढे मी साड्या उलगडायच्या आणि दादाने त्या मूळ मोडीवर, म्हणजे आधीच्या दुमडीच्या रेषेवरच, पुन्हा घडी करायच्या, अशी आमची वाटणी. मग त्याच्या घड्या वाकड्या पडू लागल्या. साडी बोटांतून निसटायची. मला आयताच विषय मिळाला. बोटं ताठ करून, ओठ चावून मी त्याची नक्कल करायचो. बायका हसून बेजार व्हायच्या. दादाही हसायचा. पुढे तो हात मांडीखाली ठेवू लागला आणि मुंग्यांबद्दल बोलेनासा झाला.

"भावजी, हसवा, पण त्यांना दवाखान्यात बी न्या," वहिनी म्हणाली होती. मी तिचीही नक्कल केली.

पाय सुजले, चार पायऱ्यांत धाप लागली, तेव्हा कुठे आम्ही उठलो. ईसीजी, इको, रक्त, स्कॅन. प्रत्येक बाकावर दादा माझ्याकडे नवा किस्सा मागायचा. मला एकही आठवेना.

तुमच्या घरात कुणाचे दोन्ही हात बधिर होत असतील आणि चालताना दमही लागत असेल, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकदमच सांगा.

औषध सुरू आहे. दादा आता नुसता गादीवर बसतो, घड्या मी घालतो. काल एक सिल्कची साडी तीनदा निसटली, चौथ्यांदा वाकडी बसली.

"जमली रं," दादा म्हणाला. "हुबेहूब माझ्यावानी."

दुकानात पाच बायका होत्या. हसला तो एकटाच.