पाणी मारलेली काडाची भिंत

बिभीषण हा काही घरं बांधणारा माणूस नव्हे. ट्रॅक्टरमागं गठ्ठे बांधायचं यंत्र लावून तो रानोरान हिंडतो. हार्वेस्टरनं गहू काढून नेला की जे काड वावरात पसरलेलं राहतं, ते हे यंत्र गोळा करतं, दाबतं, दोन सुतळ्या आवळतं आणि मागून चौकोनी गठ्ठा खाली टाकतं. लोहाऱ्यापासून तेरपर्यंत लोक त्याला याच कामासाठी ओळखतात. माणूस बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पण एकदा डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढणं बायकोलाही जमत नाही, आणि महानंदानं तसा प्रयत्न वीस वर्षं केलेला आहे.

काडाचं घर त्याच्या डोक्यात शिरलं ते मोबाईलवरून. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातली माणसं असेच गठ्ठे विटांसारखे रचून, वरून मातीनं लिंपून त्यात मजेत राहत होती. बिभीषणनं तो व्हिडिओ सात वेळा पाहिला, आठव्या वेळी महानंदाला दाखवला. ती म्हणाली, "ह्येंच्याकडं दगड न्हाईत का?" गावानं तर आनंदानं टाळ्याच पिटल्या. चावडीवर कुणी विचारी, "बिभीषणा, घर बांधतूस का गंजी लावतूस?" कुणी म्हणे, दुष्काळ पडला तर निम्मं घर म्हशीला टाकायचं, निम्म्यात आपण राहायचं. बिभीषण ऐकून घेई. कारण सांगायचं म्हटलं तर आईचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते गावाला ठाऊकच होतं.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात या गावाची दगडमातीची घरं बसली. दोन-दोन हात रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचं माळवद. बिभीषणची आई म्हाळसाबाई म्हैस का ओरडते म्हणून बघायला बाहेर आली होती, तेवढ्यानं वाचली. दहा वर्षांचा बिभीषण ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. नवरा आणि सहा वर्षांची लेक शिवकन्या निघाली नाहीत. पुढं सरकारनं नव्या गावठाणात घर दिलं, पण म्हाळसाबाई त्यात एकदाही झोपली नाही. चार लाकडी खांब, वर पत्रा आणि चारी बाजू उघड्या अशा छपरीत तिनं तीस वर्षं काढली. थंडीत पोती टांगायची, पावसात बाज मधोमध ओढायची. गेल्या हिवाळ्यात छाती भरली, धाराशिवला दवाखान्यात आठ दिवस ठेवावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, आजींना उघड्यावर झोपवू नका, पुढची थंडी निघायची नाही. त्यावर आजींचं उत्तर तयार होतं. "भितीखाली मरन्यापरीस उगड्यावर मरते."

तेव्हा बिभीषणला हवी होती अशी भिंत, जिची आईला भीती वाटणार नाही. सगळा खटाटोप त्यासाठी. आई आत आली तर घर, नाही आली तर गावकरी म्हणतात ती गंजी.

मार्चात त्यानं दीडशे गठ्ठे निवडून बाजूला काढले. मृगाच्या आत काम उरकायचं होतं. जोतं घालायला नळदुर्गाकडून सासरे आले. ईरण्णा, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, ज्यानं आजवर हात लावला तो फक्त दगड, वीट आणि सिमेंटला. काडाचा गठ्ठा त्यानं बुटानं दाबून पाहिला, "अय्यो!" एवढंच म्हणाला आणि कामाला लागला, कारण लेकीचं घर होतं. पण गवंडी तो गवंडी. दीड हात उंच जोतं, लोखंडी खांबांवर आधी पत्रा, पत्र्याची वळचण तीन फूट बाहेर, आणि मग गठ्ठ्यांचे थर असे रचले की खालच्या सांध्यावर वरचा सांधा कुठं येऊ दिला नाही. थरांमधून वरून खालपर्यंत बांबूच्या मेखा ठोकल्या. एप्रिल सरता सरता चारी भिंती उभ्या राहिल्या.

म्हाळसाबाई चाळीस पावलांवर छपरीत बसून बघत होती. जवळ आली नाही. "बांधा बांधा," ती म्हणायची, "म्या त्यात पाय ठेवनार न्हाय, आदीच सांगते."

लिंपण सुरू करायच्या वेळी तेरकडून उसाचं पाचट बांधायचं शेवटचं काम आलं, आणि बिभीषणला आठ दिवस जावं लागलं. जाताना त्यानं सासऱ्यांना सगळं सांगितलं. माती किती, शेण किती, थर किती जाड. पश्चिमेची भिंत आधी धरा म्हणाला. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, कारण ती कुणाला सांगावी लागेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ईरण्णाचा मातीवर विश्वास नव्हता. जावयाच्या घराला काही कमी पडू नये म्हणून त्यानं मातीत गुपचूप सिमेंट मिसळलं. आणि सिमेंट मिसळलं म्हटल्यावर पुढचं ओघानंच आलं. नव्या भिंतीला पाणी मारायचं असतं. हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस, भिंत तृप्त होईपर्यंत. महानंदा मोटार चालू करून द्यायची, शेजाऱ्यानं आपला लांब पाईप दिला, रस्त्यानं जाणारा उभा राहून म्हणायचा, "मामा, तिकडचा कोपरा सुकला बगा." ईरण्णा तो कोपरा मारायचा. साऱ्या आळीनं जीव लावून ती भिंत भिजवली. कुणाच्याही मनात पाप नव्हतं, हीच तर पंचाईत.

आठव्या दिवशी म्हाळसाबाईला वास आला. आंबूस, कोंदट. कडब्याची गंजी आतून भिजली की येतो तो. तिनं विळा उचलला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या पायांनी एका भिंतीकडं चालत गेली. विळ्याच्या टोकानं लिंपण उकरलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"महानंदा!" ती ओरडली. "आगं, आतून भाजतंय! ही पेटंल न्हायतर कुजंल!"

बिभीषण दुपारी ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा भिंतीसमोर सगळे गुन्हेगारासारखे उभे होते. त्यानंही हात घालून पाहिला. मग तो मातीच्या ढिगावर बसला. मे महिना अर्धा उलटला होता, गव्हाचा हंगाम कधीच संपला होता आणि सगळ्या तालुक्यात आता कोरडा गठ्ठा शोधूनही मिळाला नसता.

"मामा," तो म्हणाला, "काडाला कुनी पानी मारतं का?"

"भितीला मारत्यात," ईरण्णा म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. "जावईबापू, चाळीस वर्सं मारत आलो. हात आपसूक जातुया. माज्या हातानंच लेकीच्या घराची माती केली बगा."

बिभीषणचा संताप जिथल्या तिथं विरला आणि त्याला फक्त दमल्यासारखं झालं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "नगंच आता ह्ये घर."

तेव्हा म्हाळसाबाई मधे पडली. खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर सोन्यासारखं काड कुजत होतं, आणि कुजणारी गंजी बघत बसणं तिच्या रक्तात नव्हतं. "नगंच कसं? गंजी भिजली तर आमी काय रानच सोडून देत व्हतो का? वलं काडायचं, वाळलेलं ठिवायचं. इवाई, टोपी घाला आन् हिकडं या."

ती भिंतीच्या कडेनं चालत गेली. प्रत्येक गठ्ठ्यात हात घालायची आणि सांगायची, "ह्यो ऱ्हाऊ द्या. ह्यो काडा." पाणी ओघळून खाली उतरत गेल्यानं वरचे थर कोरडे निघाले. पाणी मुरलं होतं ते खालच्या तीन थरांत. ईरण्णानं लिंपण खरवडलं, बांबू उपसले आणि वरून एकेक गठ्ठा उतरवू म्हणाला. ते रीतीनंच होतं. पण म्हाळसाबाईला दम कुठला? सासरे-जावई शिडी आणायला वळले, तेवढ्यात तिनं खालचा एक ओला गठ्ठा दोन्ही हातांनी हिसकला.

भिंत तिच्या अंगावर आली.

महानंदा किंचाळली. बिभीषण धावला, आणि धावताना त्याचं वय एकेचाळीस नव्हतं, दहा होतं. त्याला काही ऐकू येत नव्हतं. तो नखांनी उपसत सुटला. एक गठ्ठा मागं फेकला, दुसरा, तिसरा. चौथ्याखाली आई बसलेली होती. केसांत काड, पदरात काड, मांडीवर एक गठ्ठा. तिनं तो गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, जरा वेळ तोलून पाहिला आणि शेजारी ठेवला.

"भित पडली न्हवं रं माज्या आंगावर?"

"पडली, माय."

"आन् म्या हाय."

"हाईस, माय."

मग तिला रडू फुटलं. "शिवकन्या आसल्या भितीखाली आसती तर म्या येकटीनं काडली आसती रं तिला. कुनाची वाट बगितली नसती." हे नाव घरात तीस वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं. बिभीषण तिच्याजवळ काडात बसला आणि तोही रडला. म्हातारा ईरण्णा पाठमोरा होऊन उगाच शिडी हलवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून घराची मुकादमी म्हाळसाबाईनं आपल्याकडं घेतली. कमी पडलेले गठ्ठे तिनं हिकमतीनं भरून काढले. खिडकी एक होती तिच्या दोन करवून घेतल्या आणि त्या मोठ्या केल्या. सिमेंटला बंदी झाली. पांढरी माती, शेण आणि बारीक काड तिनं स्वतः पायांनी तुडवलं. लिंपणाचे तीन थर दिले आणि ते वाऱ्यावर सुकू दिले. ईरण्णा रोज सकाळी उठून सवयीनं पाईपाकडं बघायचा, आणि विहीणबाई छपरीतून नुसतं "इवाई" म्हणायच्या.

मृगाला तीन दिवस राहिले असताना बिभीषणनं बाज आत नेली आणि खोलीच्या मधोमध टाकली. चारी भिंतींपासून सारखी लांब आणि दारासमोर, म्हणजे आईला लगेच बाहेर पडता येईल. म्हाळसाबाईनं उंबऱ्यात उभं राहून ते पाहिलं. बाहेर ऊन तापत होतं, आत माठाजवळ बसल्यासारखं गार होतं. भिंतींची रुंदी एवढी, की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस मांडी घालून बसेल. ती आत आली.

"हिकडं कशाला? भितीला लावून टाक."

दुपारची भाकरी खाऊन ती आडवी झाली. बिभीषण दारात बसून राहिला. म्हातारी झोपेत पानाच्या सळसळीनं दचकायची, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बसायची, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तासाभरानं बाहेरून लग्नाची वाजंत्री गेली. मागून खडी भरलेला टिपर गेला, त्यानं भांडी वाजली. आत काही हललं नाही. चार वाजले. महानंदानं चहा केला, तो निवला, पुन्हा गरम केला. शेवटी बिभीषणनं घाबरत आत जाऊन आईच्या खांद्याला हात लावला.

"माय, ऊठ की. दिवस कलला."

म्हाळसाबाईनं डोळे न उघडता त्याचा हात झटकला. "सर बाजूला," ती म्हणाली, "झोपू दे की रं जरा."